लवकर फिरवली म्हणे! आधी स्टिक तरी धड द्या

‘लवकर.’ ‘खूप लवकर.’ ‘उशिरा.’ ‘लवकर.’ बेसबॉलचा व्हिडिओ गेम रोज रात्री माझ्याशी एवढंच बोलतो आणि आता माझं डोकं फिरलंय. बॅट कंट्रोलरच्या उजव्या स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दांडीवर आहे. स्टिक मागे ओढली की बॅटर पाय उचलतो, पुढे ढकलली की बॅट फिरते. बॅट हुकली की स्क्रीनवर एक शब्द उमटतो आणि विषय संपला. किती लवकर? कशामुळे लवकर? अंगठा घाईत होता, बॉल ओळखता आला नाही, की टीव्हीनेच चित्र उशिरा दाखवलं? काही नाही. नुसता निकाल. असं शिकवतात का कुणाला?

‘सराव कर, येईल हळूहळू’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून हिशेबच मांडते. पिचर जिथून बॉल टाकतो तिथपासून होम प्लेटपर्यंतचं, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पाटीपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. १८९३ पासून हेच आहे. पिचर पुढे झेपावून बॉल सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात बॉलला साधारण ५५ फूट जायचं असतं. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवत असेल तर बॉल हातातून सुटल्यापासून प्लेटवर येईपर्यंत फक्त २४ फ्रेम. त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ डोळ्याने बघून बोट हलवण्यातच जातो, कारण माणसाची प्रतिक्रियाच पाव सेकंदाच्या आसपास असते. उरलेल्या वेळात बॉल सरळ वेगात येणारा फास्टबॉल आहे की वळणारा स्लायडर, आत येतोय की बाहेर जातोय, मारायचा की सोडायचा, हे सगळं ठरवायचं.

आता चेंजअप घ्या. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, पण बॉल दहाएक मैलांनी हळू येतो. ताशी ९५ ऐवजी ८५. प्लेटपर्यंत पोचायला फरक किती? जेमतेम ४५ मिलिसेकंद. तीन फ्रेमसुद्धा नाहीत. पिचरची सगळी फसवाफसवी या एवढ्याशा फटीत चालते. मला हे भयंकर आवडतं, खरंच सांगते. या खेळात जीव अडकावा असं नेमकं हेच आहे.

आणि याच फटीत टीव्ही येऊन बसतो. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं, रंग खुलावेत म्हणून प्रत्येक फ्रेमवर काहीबाही प्रक्रिया करतात. ही प्रक्रिया कमी करणारा टीव्हीचा गेम मोड चालू नसेल तर चित्र पडद्यावर यायला ५० ते १०० मिलिसेकंद सहज लागतात, काही संचांवर त्याहून जास्त. म्हणजे चेंजअप आणि फास्टबॉलमधला जो फरक मला ओळखायचाय, त्याच्या दुप्पट उशीर टीव्हीच करतो! दादा म्हणतो, ‘उशीर नेहमी सारखाच असतो ना, मग सवय होईल की.’ होते ना सवय. कशाची होते ते ऐका. बॉल दिसायच्या आधीच अंगठा हलवायची सवय होते. फास्टबॉल गाठायचा तर दुसरा मार्गच उरत नाही. मग चेंजअप आला की बॅट आधीच फिरून गेलेली असते आणि गेम मला सांगतो, ‘खूप लवकर’. अरे, लवकर मी का फिरवली? तुझं चित्र उशिरा आलं म्हणून! उशीर सारखा असला तरी निर्णयाचा गेलेला वेळ परत मिळत नाही, हे ज्याने गेम बनवला त्याला कळत नाही असं मी मानूच शकत नाही. गाण्याच्या तालावर बटणं दाबायच्या गेम्समध्ये हा उशीर मोजून भरून काढायची सोय कधीपासून आहे. माझ्या बेसबॉलच्या गेममध्ये ती नाही. सेटिंगमध्ये प्रेक्षकांचा आवाज कमीजास्त करता येतो, स्कोअरची पट्टी हलवता येते, एवढंच करता येत नाही.

आता स्टिककडे या. ‘सरळ पुढे ढकला’ असं ट्युटोरियल एकदाच सांगतं आणि गायब होतं. कुठलं सरळ? उजवा अंगठा मुळाशी असलेल्या सांध्यावर फिरतो. तो खालून वर जाताना कमान काढतो, रेघ नाही. हाडंच तशी आहेत. त्यात स्टिकभोवतीची कड गोल आणि गुळगुळीत, अंगठ्याला कसलीच खूण नाही. १९९६ मध्ये आलेल्या निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलच्या स्टिकभोवती अष्टकोनी कड होती. स्टिक वर ढकलली की कोपऱ्यात जाऊन बसायची आणि न बघता कळायचं की ही सरळ गेली. ते साधन सोडून दिलं, आणि वर माझ्या अंगठ्याकडून फूटपट्टीने आखलेली रेघ मागतात.

बॅटिंगमध्ये हे एकवेळ खपतं. पिचिंगमध्ये वाट लागते. स्टिक खाली ओढायची, स्क्रीनवरचं वर्तुळ आकसत रेषेवर येईपर्यंत धरून ठेवायची, मग जिथे बॉल टाकायचा त्या दिशेने वर सोडायची. प्लेट अवघी १७ इंच रुंद. बाहेरच्या कोपऱ्यावर टाकलेला स्लायडर अंगठ्याच्या त्या कमानीमुळे वीतभर आत सरकला की तो मधोमध लोंबकळतो आणि पुढचा बॅटर त्याला स्टेडियमबाहेर पाठवतो. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये, तीनपैकी दोन आउट असताना, एका धावेची आघाडी असताना हे झालं की काय वाटतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. गेम म्हणतो, अचूकता कमी. कुठे कमी? डावीकडे गेली की उजवीकडे? वेळ चुकली की दिशा? माझ्या स्टिकची वाट एका रेघेने काढून दाखवायला काय जातं? आकडे त्याच्याकडेच असतात, त्यांच्यावरच तर त्याने बॉल भरकटवला.

स्टिक नवी असेपर्यंत निदान भांडायला तरी जागा असते. या स्टिकच्या पोटात दोन पोटेन्शिओमीटर असतात, आडव्या हालचालीला एक आणि उभ्या हालचालीला एक. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते आणि त्यावरून जागा मोजली जाते. घासणारी वस्तू झिजणारच. झिजली की स्टिक सोडल्यावरही गेमला वाटतं कुणीतरी ती ढकलतंय. हाच तो ड्रिफ्ट. तो लपवायला मध्याभोवतीची थोडी हालचाल गेम मोजतच नाही, त्याला डेडझोन म्हणतात. म्हणजे माझ्या अंगठ्याची सुरुवातीची हालचाल वाया गेली. २४ फ्रेमच्या हिशेबात तीही माझ्याच खात्यातून वजा. बॉल बाहेर जाताना दिसला, मारायचा नाही म्हणून ओढलेली स्टिक सोडून दिली, तर स्प्रिंगमुळे ती मध्याच्या पलीकडे उसळते आणि गेम ती स्विंग धरतो. स्ट्राइक! असे तीन झाले की बॅटर बाद. मी बॉल बरोबर ओळखला, बरोबर सोडला, आणि स्ट्राइक माझ्या नावावर. काटा शून्यावर येत नसताना माल तोलायचा आणि वर गिऱ्हाइकालाच चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?

बरं, घासल्याशिवाय मोजता येत नाही असंही नाही. चुंबक आणि त्याचं क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर वापरून जागा मोजणारी स्टिक सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये होती. साल १९९८! तेव्हा जमलं होतं, आज हजारो रुपयांच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये पुन्हा तीच कार्बनची पट्टी. वॉरंटी संपली की कंपनी हात वर करते. मग पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीच्या आसपास फिरून स्टिकचं मोड्यूल बदलून देणारा माणूस शोधायचा. त्याने बिचाऱ्याने डझनाहून जास्त टाके उकलून नवं मोड्यूल बसवलं तरी मध्य नीट लागेलच असं नाही, कारण तो लावायचा प्रोग्रॅम कंपनी गिऱ्हाइकाला देत नाही. पुन्हा नवा कंट्रोलर घ्या.

‘मग बटणांवर खेळ ना, एवढा त्रास कशाला?’ हा सल्ला मला परत कुणी देऊ नये. २०११ साली ‘एमएलबी ११ द शो’ या बेसबॉलच्या गेममध्ये बॅटिंग, पिचिंग आणि थ्रो हे तिन्ही उजव्या स्टिकवर आले. ती कल्पना अस्सल होती, आजही आहे. खरा बॅटर बॉल ओळखायच्या आधीच पाय उचलतो. अंग तयार करतो आणि शेवटच्या क्षणी जातो किंवा थांबतो. स्टिक मागे ओढण्यात ते तयार होणं आहे, पुढे ढकलण्यात तो निर्णय आहे. बटणात यातलं काय आहे? बटण दाबलं, बॅट फिरली. पाय कधी उचलायचा हे माझ्या हातात राहतच नाही. स्टिकवर नीट बसलेला एक फटका, बॉल सेंटर फील्डरच्या डोक्यावरून जातो तेव्हा अंगठ्यात जे जाणवतं, ते मला बटणावर कधी मिळालेलं नाही. म्हणून तर एवढी चिडले आहे. फालतू कल्पना असती तर केव्हाच सोडून दिली असती.

मी अवघडपणाबद्दल तक्रार करत नाहीये, हे नीट वाचा. अवघडच हवं. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मिळवणारा उत्तम बॅटर समजला जातो, हे मान्य करूनच मी खेळायला बसते. पिचरने मला फसवावं, खुशाल फसवावं. पण टीव्हीने फसवू नये, कार्बनच्या पट्टीने फसवू नये, आणि त्यांच्या चुकांवर माझं नाव घालून ‘लवकर’ असा शिक्का मारू नये.

सेटिंगमध्ये एक पान द्या. त्यावर टीव्हीचा उशीर मोजून भरून काढता यावा. डेडझोन माझ्या स्टिकप्रमाणे लावता यावा. अंगठा कुठून कुठे गेला त्याची रेघ दिसावी आणि ‘लवकर’च्या पुढे मिलिसेकंदांचा आकडा यावा. एवढं द्या, चेंजअपचं काय करायचं ते मी बघते.