बेल्टचा आवाज आणि ६०० रुपये: गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टार वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी रात्रभर ठेवून घेतली, एकही पार्ट बदलला नाही, तपासणीचे ६०० रुपये घेतले आणि वर ‘कंपनीत जा’ असं सांगितलं. कंपनीचे लोक म्हणाले, आवाजच येत नाही. शेवटी घराजवळच्या मेकॅनिकने दीडशे रुपयांचा स्प्रे मारून पाच मिनिटांत काम केलं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही रात्रभर गाडीकडे नुसतं बघत बसलो होतो, म्हणून हे उत्तर.

तुम्ही आलात दुपारी, धायरीहून, सिंहगड रोडचं ट्रॅफिक पार करून. तक्रार होती सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणाऱ्या चीं-चीं आवाजाची. तापलेल्या इंजिनातून तो येणार कसा? रात्रभर उभ्या गाडीचा बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या पुढचा अल्टरनेटर वगैरे फिरवणारा रबरी पट्टा, थंड आणि कडक असतो, त्यावर दमटपणा बसलेला असतो, आणि स्टार्टरने ओढलेला करंट बॅटरीत परत भरायला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) सुरुवातीला जास्त जोर लावतो. तो सगळा भार बेल्टवर येतो. बेल्ट तापला की आवाज गुडूप. म्हणून गाडी ठेवून घेतली.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं तेव्हा आवाज आला. आता बेल्टचा आवाज म्हणजे बेल्टच खराब, असं बरेच जण धरून चालतात आणि नाना पेठेतून नवा बेल्ट आणून बसवतात. तुमचा बेल्ट चांगला होता. पूर्वीच्या रबराला भेगा पडायच्या, त्या बघून वय कळायचं. हल्लीच्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराला सहसा भेगा पडत नाहीत, त्याच्या खाचा आतून झिजतात. त्या आम्ही गेजने मोजल्या, झीज नगण्य होती.

मग पाण्याची चाचणी. चालत्या इंजिनावर बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारायचा. (घरी करणार असाल तर हात, बाही, ओढणी लांब ठेवा.) पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. आवाज क्षणभर थांबून पाणी उडाल्यावर परत आला तर बेल्ट सरळ रेषेत धावत नाही, कुठली तरी पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) तिरकी आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि सलग घरघर येत राहिली तर संशय बेअरिंगवर. तुमच्या गाडीचा आवाज थांबला आणि काही सेकंदांत परत आला. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. मग इंजिन बंद करून पुल्यांवर सरळपट्टी धरली. टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची, पुली बाकीच्यांच्या रेषेतून जराशी कललेली होती आणि बेल्टची एक कड चकचकीत घासली गेली होती. टेन्शनरचा हात ज्या बुशवर (आतल्या कड्यावर) फिरतो ते बुश ढिलं झालं की असं होतं. पुढच्या बाजूला कूलंट किंवा ऑइलची गळती नाही ना, तेही पाहिलं, कारण बेल्टवर तेल उडत असेल तर मग सगळाच हिशोब बदलतो. गळती नव्हती.

माझ्या मते काम इथे झालं होतं, आणि ६०० रुपये त्याचेच. टेन्शनर काढायला आमच्याकडे फार वेळ लागला नसता, बिलही मोठं झालं असतं. पण तुमची गाडी वॉरंटीत आहे. वॉरंटीचं पुस्तक काउंटरवर तुमच्यासमोरच उघडलं होतं. त्यात बेल्ट झिजणाऱ्या, म्हणजे वॉरंटीत न येणाऱ्या, भागांच्या यादीत आहे, टेन्शनर नाही. म्हणजे जो भाग बिघडलाय तो तुम्हाला फुकट मिळायला हवा. मी बोल्ट खोलले असते तर त्यावर पान्याच्या खुणा राहिल्या असत्या आणि क्लेमच्या वेळी ‘बाहेर उघडलंय’ म्हणायला आयतं निमित्त मिळालं असतं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं भारतीय स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१४ च्या निकालात चौदा कार कंपन्यांना सांगितलं होतं. पण त्यावर पुढे अपिलं झाली, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभं राहून निकालपत्र वाचून दाखवणारा ग्राहक मी तरी पाहिलेला नाही. त्यापेक्षा बोल्टला हात न लावणं बरं.

सर्व्हिस सेंटरला मी दोष देत नाही. तुम्ही गाडी चालवत नेलीत, इंजिन गरम, आवाज नाही, त्यांनी ‘नो प्रॉब्लेम’ लिहिलं. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. म्हणून तर बिलाच्या मागे लिहून दिलं होतं: गाडी आदल्या संध्याकाळी द्या, सकाळचा पहिला स्टार्ट त्यांच्या माणसासमोर होऊ द्या, एसी लावायला सांगा (बेल्टवरचा भार वाढतो), जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. सोबत थंड स्टार्टचा आणि पाण्याच्या चाचणीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यावर दोन निळ्या रेघाही दिसतात.

आता स्प्रेबद्दल. बेल्टवर मारायचा तो स्प्रे चिकट असतो. चिकटपणामुळे बेल्ट काही दिवस गप्प बसतो, मग त्याच चिकट थरावर रस्त्याची धूळ बसते, आणि सध्या आपल्याकडे धुळीला तोटा नाही. पुली मात्र तिरकीच राहते. वॉरंटीच्या गाडीवर हा स्प्रे मारणं म्हणजे डॉक्टरकडे जायच्या आधी गोळी घेऊन ताप उतरवणं. तपासायला काही शिल्लकच राहत नाही. टेन्शनर पुरता गेला आणि बेल्ट उतरला तर तुमच्या मॉडेलमध्ये वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे. चार्जिंग बंद होईल ते वेगळं, पण कात्रजच्या घाटात इंजिन तापलं तर हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाच्या आतल्या सीलपर्यंत) जातं, आणि तो खर्च सहाशेत मोजत नाहीत.

तुम्हाला अजूनही माझा सल्ला चालणार असेल तर स्प्रे पुन्हा मारू नका. आवाज परत येईल, तो आला की गाडी संध्याकाळी सर्व्हिस सेंटरला सोडा. स्प्रे मारलाय हे त्यांना आधीच सांगून टाका, बेल्टवरचा थर त्यांना दिसणारच आहे. बेल्ट बदलायचे पैसे मागितले तर ते द्यावे लागतील, टेन्शनरचे मागितले तर नकाराचं कारण लेखी घ्या आणि तो कागद मला पाठवा. त्यांच्या इंजिनिअरशी मी बोलेन, त्याचे पैसे नाहीत.

६०० रुपये मात्र परत मिळणार नाहीत. व्हिडिओ डिलीट झाला असेल तर मेसेज करा, पुन्हा पाठवतो. प्रत्यक्ष यायचं असेल तर गुरुवार सोडून कधीही या, त्या दिवशी आमच्याकडे लाइट जाते आणि गाडी उचलायची लिफ्ट चालत नाही.