पोरांना मिनिटं द्या, पण कुठली?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, सुरू झाले की पुण्यात सकाळच्या चहाबरोबर कोचला शिव्या घालण्याचा कार्यक्रम सुरू होतो. मुद्दा ठरलेला: ८२ सामने बाकावरच्या तरुण पोरांना राबवलं आणि ऐन वेळी म्हाताऱ्यांनाच खेळवलं, म्हणजे अमेरिकेतही शेवटी ज्येष्ठताच चालते. वर पुरवणी असतेच: वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं, मग वीस वर्षांच्या पोराला दहा मिनिटं दिली तर काय जातं?

सामना जातो. क्रिकेटमध्ये नवखा बाद झाला तर एक विकेट पडते, पुढचा येतो. बास्केटबॉलमध्ये पाचांतला एक डिफेन्समध्ये कच्चा निघाला की बाकी चौघांचा डिफेन्सही कोलमडतो. त्यात प्लेऑफमध्ये एकाच संघाशी चार ते सात सामने. दुसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्या कोचने कच्चा माणूस हेरलेला असतो. मग प्रत्येक चढाईत एकच उद्योग: नवखा ज्याला धरून उभा आहे त्यालाच स्क्रीन लावायला (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहायला) बोलवायचं, स्विच करायला (डिफेंडरना माणसं अदलाबदल करायला) भाग पाडायचं आणि आपला हुकमी खेळाडू नवख्यासमोर आणायचा. मदतीला कॉर्नरवरचा डिफेंडर आत सरकतो, कॉर्नर मोकळा पडतो, तिथून तीन गुण. टीव्हीवर दोषी दिसतो तो उशिरा परतणारा कॉर्नरवाला. खरी चूक दोन पास आधीच झालेली असते.

नवख्यांच्या चुकाही ठरावीक. समोर शूटर असताना स्क्रीनच्या बास्केटकडच्या बाजूने जाऊन त्याला मोकळं सोडणं. शॉटच्या हुलकावणीला भुलून हवेत उडणं. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शॉट मारणाऱ्याला फाउल करून तीन फ्री थ्रो बहाल करणं.

आता हिशेब. ४८ मिनिटं गुणिले ५, म्हणजे २४०. प्लेऑफमध्ये लागोपाठ दोन दिवस सामने नसतात, म्हणून मुख्य पाच जण ३८-३८ मिनिटं ओढू शकतात. १९० तिथेच संपली. उरली ५०, त्यातली पंचवीसेक सहावा माणूस नेतो. राहिलेल्या पंचविसांत दोघं-तिघं. यात ज्येष्ठतेचा प्रश्न येतोच कुठे?

पुणेकरांचा हुकमी एक्का कुमिंगा, तेव्हाचा गोल्डन स्टेट वॉरियर्सचा तरुण खेळाडू. २०२५ मध्ये कोच स्टीव्ह करने त्याला मेम्फिसविरुद्धच्या प्ले-इनमध्ये (प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यात) आणि ह्यूस्टनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात एक मिनिटही दिलं नाही. पुढे मिनेसोटाविरुद्ध संघाचा हुकमी शूटर स्टीफन करीचा हॅमस्ट्रिंग दुखावला आणि तिसऱ्या सामन्यात याच पोराने ३० गुण केले. झालं, अन्याय सिद्ध! पण संघातल्या बटलर आणि ड्रेमंड ग्रीन या दोघांना बाहेरून शूट करायला डिफेन्स आनंदाने सोडतो. तिसरा तसाच खेळाडू घातला की समोरचे तिघं बास्केटखाली ठाण मांडतात आणि करीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. करी बाहेर गेल्यावर चेंडू हातात घेऊन आत घुसणारा माणूसच हवा होता, ते कुमिंगाला येतं. तरीही वॉरियर्स तो सामना ९७-१०२ हरले. हे शेवटचं वाक्य पुण्यात कुणी उच्चारत नाही.

त्यापेक्षा इंडियानाचं उदाहरण द्यायचं होतं. २०२५ च्या फायनलचा तिसरा सामना: इंडियानाच्या बाकाचे ४९ गुण, ओक्लाहोमाच्या बाकाचे १८. बावीस वर्षांच्या मॅथुरिनचे २२ मिनिटांत २७. मात्र त्याच बाकावरून येऊन पाच वेळा चेंडू हिसकावणारा मॅककॉनेल ३३ वर्षांचा होता. आणि पुढच्याच सामन्याच्या अखेरीस, ओक्लाहोमाची आघाडी कमी करायची असताना, मॅथुरिनचे दोन्ही फ्री थ्रो हुकले.

मला पटतो तो डेन्व्हरचा ख्रिश्चन ब्राउन. २०२३, फायनलचा तिसरा सामना, पहिलंच वर्ष: १९ मिनिटं, १५ गुण, ८ पैकी ७ शॉट आत. त्याच्यासाठी वेगळी चाल आखायची गरजच नव्हती. संघाचा मुख्य खेळाडू योकिचकडे दोन डिफेंडर धावले की मागून बास्केटकडे कट मारायचा, चेंडू हिसकावून पळायचं, बस. आणि हे काम तो सीझनभर करत आला होता.

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या बे एरियात बसून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, मान्य. वाद घालायला इथेही माणसं आहेत, पण ती दोन मिनिटांत ‘गुड पॉइंट’ म्हणून विषय संपवतात. माझं कसं चुकलं हे तासभर सांगायला मला अजून डेक्कनवरचीच मंडळी लागतात. आणि त्यांनी अलीकडे माझं मत विचारलेलं नाही, हेही खरं.

तरी सांगतोच. इथे शाळेच्या दुय्यम संघातून (जेव्ही) मुख्य संघात (व्हर्सिटी) आलेला दहावीतला पोरगासुद्धा डिफेन्समध्ये सतत बोलतो: स्क्रीन डावीकडून, स्विच, मागे जा. आपल्याकडे पोरांकडून ड्रिबल आणि शॉट घोटून घेतात आणि बाद फेरीत ती गप्प उभी राहिली की कोच ओरडतो. आपला सामना ४० मिनिटांचा, पाच फाउलला माणूस बाहेर. म्हणजे बाक लागणारच. मग साखळी सामन्यांतच, हरण्याची भीती कमी असताना, दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटं पोराला द्या. सोबत मुख्य पाचांतले तिघं ठेवा, चौघं नवखे एकदम नकोत. काम एकच सांगा: अमुक शूटरला सोडायचं नाही, किंवा शॉट उडाला की आधी बॉक्स आउट (समोरच्याला पाठीने रोखून बास्केटपासून लांब ठेवणं). पहिल्या चुकीला बाहेर काढू नका, तीच चूक पुन्हा झाली तर काढा आणि बाकावर शेजारी बसवून काय चुकलं ते दाखवा. चौथ्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटं मात्र इतक्यात मागू नका.