‘१००० वॅट, गोल्ड’ एवढ्यावर पीएसयू घेऊ नका

पीसी जोडणाऱ्यांमध्ये पीएसयूबद्दल (पॉवर सप्लाय युनिट, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग) एक सल्ला सतत फिरतो : “१००० वॅट आणि ८० प्लस गोल्ड असेल तर डोळे झाकून घ्या. मदरबोर्डच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरला की माल चोख.” पीएसयू बिघडला की कधीकधी मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डही सोबत जातं, म्हणून हा सल्ला खोडायलाच हवा.

“१००० वॅट.” खोक्यावरचा आकडा सोडा, लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. खऱ्या १००० वॅटच्या पीएसयूवर तिथे ८३ अँपियरच्या आसपास आकडा दिसतो. ६० अँपियर असतील तर कामाचे वॅट ७२०च. उरलेली बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टची. हे वॅट किती तापमानाला मिळतात, तेही बघा. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांची हमी तोकडी पडते, ५० अंशांची हवी.

“गोल्ड म्हणजे दर्जा.” सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र, गोल्ड ही त्यातली एक पायरी; त्यात मुख्यतः वीज किती वाया जाते तेवढं मोजतात, तेही २३ अंशांच्या आसपास. ११५ व्होल्टच्या वर्गात गोल्डला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता लागते. रिपल (व्होल्टेजमधला बारीक, वेगवान चढउतार) किती, शॉर्ट झाल्यावर पीएसयू वेळेत बंद होतो का, हे त्या शिक्क्यात नाही. एटीएक्स या पीएसयूच्या मानकानुसार १२ व्होल्टवर रिपल १२० मिलिव्होल्टच्या आत हवा, ५ आणि ३.३ वर ५० च्या. मल्टिमीटरवर तो दिसत नाही; ऑसिलोस्कोप लागतो, तोही पूर्ण लोड देऊन.

गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे दोन्ही गोल्डच होते. चाचणीत त्यांचे नग फुटल्याचं २०२१ मध्ये गाजलं, तेव्हा कंपनीने ओव्हरपॉवर संरक्षणाची (लोड फार वाढला की पीएसयू बंद करणाऱ्या सोयीची) मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० वर आणली आणि जुने नग बदलून देऊ केले.

ताकदवान कार्ड असेल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ बघा. त्यात १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड सोसायची अट आहे. लाइट गेल्यावर पूर्ण लोडवर किमान १२ मिलिसेकंद तग धरायचीही आहे. ती पाळली नाही तर यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंतच पीसी बंद पडू शकतो.

“पंखा फिरला की चोख.” लोडच नाही, मग परीक्षा कसली? कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे चांगले पीएसयू तर या चाचणीत नापासच ठरतील. त्यापेक्षा पीसी जोडून ओसीसीटी या पीसीवर लोड टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची पॉवर चाचणी अर्धा तास चालवा आणि मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) पिवळ्या-काळ्या वायरवर व्होल्टेज मोजा. ते ११.४ ते १२.६ मध्ये हवं. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विसंबू नका, तो मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो.

“जास्त वॅट, जास्त बिल” हेही खोटं : पीसीला लागते तेवढीच वीज ओढली जाते, वर थोडा अपव्यय.

आणि पीएसयू बदलताना जुन्या मॉड्युलर (पीएसयूपासून सुट्या होणाऱ्या) केबल तशाच ठेवू नका. पीएसयूकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधीकधी मालिकेगणिकही, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर एसएसडी तिथेच जळते.