मुलांची अक्कल पाच मिनिटांत कशी मोजावी

परवा उपनगरातल्या एका मॉलमध्ये एस्केलेटरपाशी टेबल टाकून बसलेल्या टायवाल्या पोरांनी, ठशांवरून अक्कल मोजून देतो म्हणत, माझ्या दुसरीतल्या भाचीची दहाही बोटं स्कॅन केली. संध्याकाळी पीडीएफ हजर. लॉजिकल 11.3 टक्के, करिअर सिंगर. ताईने पाच हजार भरले, मला न विचारता.

तुम्हालाही मोजायची असेल तर ऐका. मुलाशी अजिबात बोलायचं नाही. पॅरिसचा तो सायकॉलॉजिस्ट बिने वेडाच, 1905 मध्ये सहकारी सिमॉनला घेऊन एकेका पोरासमोर बसला, वजनं ओळखायला लावली, आकडे परत म्हणायला लावले, कशाला तर म्हणे शाळेत मागे पडणाऱ्यांना मदत मिळावी. वर म्हणतो, बुद्धी कायमची ठरलेली नसते. अशाने धंदा होतो का?

दशांश हवाच.

नॉर्म्स, म्हणजे आकडा कोणाशी ताडून बघितला ते, विचारू नका, तो टायवाला पोरगा गोंधळतो. म्हणजे खरी टेस्ट आधी त्याच वयाच्या ढीगभर मुलांवर घेतात, सरासरी 100 धरतात, 85 ते 115 मध्ये साधारण दोन तृतीयांश लोक येतात, दुसऱ्यांदा घेतली तर आकडा आसपास यावा लागतो, अभ्यासाशी त्याचा काही मेळ दिसावा लागतो, आपल्याकडे कामतांनी बिनेची टेस्ट मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, आणि एवढं करूनही सायकॉलॉजिस्ट सांगतात की एका आकड्यावर पोराचं भविष्य ठरवू नका. आणि हे टायवाले? ठसे आईच्या पोटातच तयार होतात, बदलत नाहीत, म्हणून रिपोर्ट शंभर टक्के रिलायबल! अरे, माझ्या फ्लॅटचा नंबरही रोज तोच असतो, त्यावरून माझी अक्कल काढणार का?

रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकायला विसरू नका.

धाकट्याचाही काढा, जेवताना तुलना करायला बरं पडतं.

बास झालं, ताई. गणिताला बसवलं की पोरगी आता "माझं लॉजिकल कमी आहे" म्हणून वही मिटते. सात वर्षांची आहे ती! खरंच कुठे अडत असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे ने, तो तिच्यासमोर बसेल, नेमकं काय अडतंय ते बघेल. अडत नसेल तर मॉलमध्ये आइस्क्रीम खा आणि घरी या. बोटं स्कॅन करायला पाच हजार आहेत तुमच्याकडे, आणि शेजारी बसून हातच्याची चार गणितं सोडवून घ्यायला अर्धा तास नाही?