‘दोन पद्मिनींची एक करा’ हा सल्ला का चुकतो

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनवर सध्या एक सल्ला येऊन पडतोय. दारात दोन जुन्या फियाट किंवा पद्मिनी पडून असतील तर दोन्ही चालू करायचा हट्ट सोडा, असं त्यात म्हटलंय. दोन्ही खोला, जिचं जे चांगलं निघेल ते घ्या आणि त्यातून एक फर्स्टक्लास गाडी बनवा. मॉडेल एकच, त्यामुळे सगळं सगळ्याला बसतं. खर्च निम्म्यावर येतो. कागद ज्या गाडीचे चालू असतील ते लावायचे आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याला द्यायचा.

गेल्या पावसाळ्यात हे वाचून आमच्या ओळखीतल्या एका मुलाने आजोबांची पद्मिनी आणि मुद्दाम विकत आणलेली दुसरी, अशा दोन्ही एका आठवड्यात खोलल्या. मी गेलो तेव्हा दोन्हींचे नट-बोल्ट खताच्या एकाच पोत्यात होते. आठ दरवाजे भिंतीला टेकवलेले होते आणि कुठला दरवाजा कुठल्या गाडीचा हे त्याला सांगता येत नव्हतं. पोरगं मेहनती आहे, गाडीवर त्याचा जीव आहे. चुकला तो सल्ला, आणि म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

माझ्याकडेही दोन आहेत. मामांची १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि बाबांची १९८४ ची पद्मिनी. एकीचं सामान दुसरीला लावायचा मोह मलाही झाला होता, आणि थोडं लावूनही पाहिलं.

आधी ‘मॉडेल एकच’ याबद्दल. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून १९६४ ला फियाट ११००डी निघू लागली. मग तीच गाडी प्रेसिडेंट झाली, १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली आणि २००० पर्यंत निघत राहिली. बाहेरून पाहिलं तर मुलगी आईसारखी दिसते. पेट्रोल इंजिनही तेच, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). त्यामुळे रिंग-पिस्टन, क्लच प्लेट, वॉटर पंप यांच्यापुरतं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. पण एवढ्या वर्षांत बाकी किती बदललं! जुनीला डायनॅमो आणि कटआउट, नवीला अल्टरनेटर, म्हणजे चार्जिंगचं वायरिंगच वेगळं. गिअर आधी स्टिअरिंगवर होता, शेवटच्या काही गाड्यांत तो खाली आला. ग्रिल, टेललॅम्प, डॅशबोर्ड, सीटा सगळं बदलत गेलं. त्यात डिझेलची १३७डी वेगळीच. विकत आणलेली दुसरी गाडी टॅक्सी असेल तर तिने आयुष्यभर मुंबई तुडवलेली असते, सीएनजीवर चाललेली असते. तिच्यातलं ‘चांगलं’ निवडायचं म्हणजे नेमकं काय?

आणि पत्र्याचं तर सांगूच नका. मी १९८४ चा मागचा डावा दरवाजा प्रेसिडेंटला लावून पाहिला. बिजागऱ्या बसल्या, बोल्टही लागले. दरवाजा लोटला तर वरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट आणि खाली तो खांबाला घासतोय. त्या काळात दरवाजे बॉडीवर हाताने जुळवून बसवलेले, त्यात पुढच्या चाळीस वर्षांत कुणी ठोकलेले, कुणी वाकवलेले. पट्ट्या घालून, बिजागरी इकडे-तिकडे सरकवून आम्ही दोन दिवस घालवले. शेवटी डेंटर काका म्हणाले, “हिचाच दरवाजा आण रे.” त्याचा खालचा पत्रा कुजलेला होता. तेवढा चार इंचांचा तुकडा त्यांनी नवीन बनवून जोडला आणि दरवाजा एका दुपारी बसला. बंद होताना आता त्याचा तो जुना घट्ट आवाज येतो.

आता ‘जिचं जे चांगलं ते घ्या’. सगळ्या सल्ल्यात हे वाक्य ऐकायला सर्वांत गोड आहे आणि नुकसान सर्वांत जास्त याच वाक्याने होतं. त्यामागे असं गृहीत धरलंय की दोन गाड्या दोन वेगळ्या ठिकाणी सडतात. तसं होत नाही. दोन्ही एकाच साच्यातल्या, म्हणून पाणी दोन्हींत एकाच जागी साठतं. दरवाज्याखालचा रनिंग बोर्ड, पायाखालची फरशी, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा, बॅटरीच्या ट्रेखालची जागा, पुढच्या काचेच्या रबराची खालची कड, दरवाज्यांचे तळ. कोकणातली गाडी असो की देशावरची, कुजण्याचा क्रम साधारण हाच असतो, कमी-जास्त एवढंच. दोन गाड्या खोलल्या की हातात दोन उत्तम टप (छपरं), दोन उत्तम बॉनेट येतात आणि धड रनिंग बोर्ड एकही येत नाही.

यासाठी गाडी खोलावी लागत नाही. फ्रिजवरचा साधा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि रनिंग बोर्डवरून सावकाश फिरवत न्या. पत्रा असेल तिथे तो चिकटतो, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असेल तिथे निसटून हातात येतो. बाबांच्या गाडीवर तो मागच्या चाकाच्या कमानीपाशी वीतभर जागेत चिकटलाच नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका गॅरेजने तिथे ‘नवीन पत्रा’ लावल्याचे पैसे घेतले होते. खरवडल्यावर बोटभर जाडीची लांबी निघाली आणि तिच्यामागे गोणपाट.

काही जण आणखी पुढे जाऊन पुढून ठोकलेली एक आणि मागून सडलेली दुसरी मधोमध कापून जोडायला सांगतात. हे मात्र कुणीही करू नये. जीपला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, असते. बॉडी उचलून दुसरी ठेवली तरी वजन चासीच पेलते. पद्मिनीला तशी चासी नाही. तिची फरशी, रनिंग बोर्ड, खांब आणि टप मिळूनच तिचा कणा होतो. नुसता रनिंग बोर्ड बदलतानाही दरवाज्यांच्या चौकटींत आडवे पाईप वेल्ड करून घ्यावे लागतात, नाहीतर बॉडी मधून बसते आणि पुन्हा दरवाजेच लागत नाहीत. अशा गाडीचे दोन अर्धे जोडून त्यात बायको-पोरांना बसवून घाट उतरायचा? धडक बसली तर जोड कुठे उघडेल ते डोळ्यांसमोर आणा.

‘खर्च निम्मा’ हे तर हिशोबातच बसत नाही. जुन्या गाडीत पैसा जातो मजुरीत. पत्रा काढणं, बनवणं, वेल्ड करणं, घासणं, रंग, क्रोम. गाडी एक करायची असेल तर हे काम एका गाडीचंच राहतं, शेजारी दुसरी उभी असल्याने त्यातला एक तासही वाचत नाही. शिवाय ज्या वस्तू नव्या घ्याव्याच लागतात त्या दुसरीतून मिळत नाहीत. बुश, पाण्याचे होज, ब्रेकचे होज, काचांची रबरं, टायर, वायरिंग हे सगळं तिच्यातही तितकंच म्हातारं झालेलं असतं. खरा फायदा होतो तो काचा, हँडल, मीटर, क्रोमच्या पट्ट्या, बॅज अशा वस्तूंचा. त्या सुट्या मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धीराने दोन-चार चकरा मारायची तयारी हवी. समोरच्या दरवाज्याच्या त्रिकोणी काचेसाठी अख्खी गाडी मारायची गरज नसते.

कागदांचा मुद्दा लोक हसत-हसत सांगतात, पण तो सर्वांत जड आहे. वेगळी चासी नसली तरी गाडीला चासी नंबर असतोच, तो तिच्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि आरसी बुक त्या नंबराचं असतं, ‘गाडीचं’ असं मोघम नसतं. एकीचे कागद दुसरीच्या बॉडीला लावायचे म्हणजे नंबर कापून चिकटवायचा किंवा नव्याने ठोकायचा. चोरीच्या गाड्यांच्या बाबतीत हेच करतात, आणि तपासणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, वेल्डिंग दिसतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलंय. ‘प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानचं इंजिन टाका, मस्त पळते’ असं सांगणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळेच मी एकीचं सामान दुसरीला लावायचा बेत सोडला. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर घेऊ शकते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी ती चालवता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. मामांची १९७३ ची गाडी आज त्या वयात बसते. तिला १९८४ चं अर्धं अंग लावलं असतं तर ती वाट मी स्वतःच्या हाताने बुजवली असती. तुमच्याकडची गाडी १९७० च्या दशकातली असेल तर कटर हातात घेण्याआधी आरसीवरची तारीख बघा.

त्या सल्ल्यातली एक गोष्ट मला मान्य आहे. जागा आणि पैसा दोन्ही तोकडे असतात, आणि दोन गाड्या उघड्यावर ठेवून दोन्ही मारणं हेही पापच. दुसरीचे खांब आणि पुढचं सस्पेन्शन जिथे धरलेलं असतं तो पत्रा हाताने मोडत असेल, तर तिचं सामान काढून पहिलीला वाचवणं योग्यच आहे. फक्त ते सरळ मार्गाने करा. गाडी स्वतःच्या नावावर असल्याची खात्री करा आणि तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या. गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, तसं त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्येच आहे. पण हा निर्णय बॉडी पाहून घ्यायचा, सामानाची यादी पाहून नाही.

दोन्हींची एक न करता वेगवेगळ्या करा असं माझं म्हणणं आहे, पण म्हणजे दोन्ही एकदम खोला असं नाही. जी बरी आहे ती आधी घ्या आणि दुसरी तोवर अख्खी ठेवा. अख्खी दुसरी गाडी किती उपयोगी पडते हे सुटं सामान विकणाऱ्याला कळणार नाही. बाबांच्या गाडीचं स्टिअरिंगवरचं गिअर लिंकेज परत जोडताना एक स्प्रिंग आणि दोन वॉशर हातात उरले. फोटो काढले होते, पण नेमका तोच कोन फोटोत नव्हता. मी टॉर्च घेऊन मामांच्या गाडीखाली आडवा झालो. पन्नास वर्षं कुणी हात न लावलेलं लिंकेज समोर होतं. जाड वॉशर आत, मग स्प्रिंग, मग पातळ वॉशर. पाच मिनिटांत काम झालं. ती गाडी खोललेली असती तर तो स्प्रिंगही त्या खताच्या पोत्यात असता.

बाबांची पद्मिनी गेल्या दिवाळीपासून चालते आहे. प्रेसिडेंट पत्र्याच्या शेडमध्ये चार ठोकळ्यांवर उभी आहे, चाकं जमिनीपासून चार बोटं वर. काचा बोटभर खाली ठेवल्यात, आत कोंदट होऊ नये म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्लग काढून चारही भोकांत थोडं थोडं तेल सोडतो, चौथा गिअर टाकतो, मागचं एक चाक फिरू नये असं अडकवतो आणि दुसरं हाताने सावकाश फिरवतो. इंजिन अजून मोकळं आहे.