पोरीच्या ताटातल्या शेंगा मी दीड वर्ष बंद ठेवल्या होत्या

परवा रात्री मावसबहिणीचा फोन आला. बाळ आठ महिन्यांचं, गाल लालभडक, नडग्या खरखरीत, रात्रभर खाजवतं आणि रडतं. तिला कुणीतरी सांगितलंय की हे सगळं पोटातून येतंय, तू दूध, अंडी, शेंगा म्हणजे शेंगदाणे, गहू सगळं सोड आणि बाळाला पण नुसती तांदळाची पेज दे. ती बोलत होती आणि मला पाच वर्षांपूर्वीची मीच बोलतीय असं वाटत होतं. म्हणून लिहितीय. लांबलंय, पण ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी वाचाच.

आमची धाकटी आता सात वर्षांची. दीड वर्षाची असताना तिच्या कोपराच्या नि गुडघ्याच्या घडीत चट्टे आले, कोरडे, चिरा पडलेले. याला एक्झिमा म्हणतात हे फार नंतर कळलं. सोलापूरची हवा तुम्हाला माहितीच आहे, एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत, तेव्हा पाणी यायचं चार-पाच दिवसांनी, म्हणून आंघोळीला बोअरचं आणि ते एवढं जड की तोटीवर पांढरा थर बसतो. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आठ दिवसांत सगळं गायब, बंद केली की दुप्पट. नंतर कळलं की त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र होतं, आणि मी ते दोन वर्षांच्या पोरीला महिनोन्महिने चोळत होते.

मग सुरू झालं पोट. जो तो सांगायचा, पोट साफ नाही म्हणून अंगावर उठतंय. एरंडेल झालं, नऊशे रुपयाची प्रोबायोटिकची, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंची, पावडर झाली, आणि मग एकानं हातात यादी दिली, हे हे बंद. दूध, दही, अंडी, शेंगा. आता सोलापूरच्या घरात शेंगा बंद करणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. चटणीत शेंगा, आमटीला कूट, वांग्यात कूट, खिचडीत कूट. सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळी कढई आणि वेगळा तवा काढला. घरातले सगळे कडक भाकरी, चटणी, वर तेल घेऊन बसायचे आणि ती आमच्या तोंडाकडं बघत पेज खायची. दीड वर्षात तिचं वजन किलोभर पण वाढलं नाही. आणि चट्टे? तसेच.

शेवटी एका स्किनच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी यादी बघितली, पोरीचं वजन बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पोट उपाशी ठेवलंत आणि कातडी पण उघडी ठेवलीत." राग नव्हता त्यांच्या आवाजात, पण मी तिथंच रडले.

त्यांनी समजावलं ते असं. आपली कातडी म्हणजे विटांची भिंत, आणि विटांच्या मधल्या दरजा तेलकट पदार्थांनी भरलेल्या असतात. काही पोरांची ही भिंत जन्मतःच कच्ची असते, आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. ही भिंत पक्की ठेवणारं एक प्रोटीन आहे, फिलाग्रिन नावाचं. त्याच्या जीनमधल्या दोषाचा एक्झिमाशी संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवला. म्हणजे माझ्या खाण्यानं किंवा तिच्या पोटानं हे झालेलं नव्हतं.

मग पोटाचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि मी तो नाकारत नाही. १९३० सालीच स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मन, आतडं आणि त्वचा एकमेकांना जोडलेली आहेत असं मांडलं होतं. आपण भाकरी, भाजी, डाळी खातो त्यातला चोथा आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि शरीराची उगाच भडकणारी प्रतिकारशक्ती आवरतात. सिलिअ‍ॅक नावाच्या आतड्याच्या आजारात तर गव्हातल्या ग्लूटेन या प्रोटीननं काहींच्या अंगावर प्रचंड खाजणारे फोड येतात आणि गहू सोडला की ते जातात, तिथं पोट ते कातडी ही वाट सरळ आहे. पण साध्या एक्झिमात पावडर घेऊन काय होतं? २०१८ मध्ये कॉक्रेन या औषधांच्या चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेनं ३९ चाचण्या, सुमारे २६०० पेशंट एकत्र धरून तपासलं. प्रोबायोटिकनं पेशंटला जाणवेल असा फरक जवळजवळ नाही. माझे नऊशे रुपये गेले त्याचं दुःख नाही ओ, त्या पावडरीच्या भरवशावर सहा महिने गेले त्याचं आहे.

आणि जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते हे की वाट उलटी पण आहे, कातडीकडून पोटाकडं. २०१९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीला खाजवल्यासारखी इजा केली, तर कातडीतून निघालेल्या संदेशांनी आतड्यात अ‍ॅलर्जीच्या पेशी वाढल्या आणि आतडं जास्त पाझरायला लागलं. उंदीर आहेत, मान्य. पण माणसांच्या लेकरांत पण असंच मानतात की फुटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले की शरीर त्यांना शत्रू समजतं, आणि तेच अन्न लहानपणी तोंडातून गेलं की ओळखीचं होतं.

लंडनमध्ये तर चाचणीच झाली, आणि ती पण शेंगांवर! चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं, सगळ्यांना जोराचा एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी. अर्ध्यांना शेंगा द्यायच्या, अर्ध्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात नाही. २०१५ मध्ये निकाल आला, खाणाऱ्या पोरांत शेंगांची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. मी माझ्या पोरीला जपण्यासाठी जे केलं त्यानंच तिला धोका वाढू शकत होता.

आता आम्ही काय करतो. कोमट पाण्यानं दहा मिनिटांत आंघोळ, साबण फक्त लागेल तिथं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे, घरात टॉवेलला तोटा नाही, पण त्यानं घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत ओलावा धरून ठेवणारं साधं मलम. किती? डॉक्टरांनी आठवड्याला पाव किलो सांगितलं. मी आधी हरभऱ्याएवढं लावायचे. भडकलं की त्यांनी दिलेलं स्टिरॉइड, त्यांनी सांगितलेले दिवस, तेवढंच, त्याला घाबरायचं पण नाही आणि मनानं वाढवायचं पण नाही. खाणं त्यांच्या देखरेखीखाली एकेक करून परत सुरू केलं. तीन महिन्यांत ती रात्रभर सलग झोपायला लागली. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, थंडीत, अजून त्रास होतो, पण आता काय करायचं ते कळतं.

ज्वारीची भाकरी, ताक, आंबील घरात रोज आहे. त्यानं तिचं पोट रोज साफ होतं, बिस्किटं कमी झाली. पण भाकरीनं कातडी बरी झाली असं मी कुणाला सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही.

एक मात्र नीट लक्षात घ्या. काही खाल्ल्यावर लगेच ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वास लागला तर ती खरी अ‍ॅलर्जी, तेव्हा थेट दवाखाना. आणि बाळाला अख्खा शेंगदाणा कधीच देऊ नका, घशात अडकतो, द्यायचा तर बारीक वाटून पातळ करून, आणि एक्झिमा जोराचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

बहिणीला मी एवढंच म्हणलं, तू आज रात्री भाकरी-चटणी पोटभर खा, अंगावर पाजतीयस तू. सोमवारी सकाळी मी रजा टाकलीय, दोघी मिळून बाळाला स्किनच्या ओपीडीला घेऊन जाणार आहोत. ती यादी पण सोबत आण म्हणलंय, डॉक्टरांना दाखवायला.