दहा हात वर

सकाळी सकाळी आमच्या लडाखवाल्या ग्रुपवर रील आलं. 'मनाली ते लेह, एका दमात!' खाली टाळ्याच टाळ्या. डोकंच सटकलं माझं.

एका दमात? तिथे दम उरतो का कुणाला?

आणि टाळ्या कोण वाजवतंय, तर आमच्या ट्रिपमध्ये वाटेतल्या जिस्पा गावात हात वर करणारेच! टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही अकरा जण, ओळख मनालीच्या हॉटेलातली. काकू सगळ्यांत मोठ्या. लाडवांचा डबा फिरवून केलाँग यायच्या आत अख्ख्या गाडीच्या काकू झाल्या. जिस्पाला ड्रायव्हर म्हणाला, आज इथेच थांबा. साडेदहा हजार फूट, नदीकाठ, झाडं. पण पुढच्या मुक्कामाचे, सरचूच्या तंबूंचे पैसे भरलेले ना! पुढे जायचं का, मतदान घेतलं. दहा हात वर. काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे सकाळी ६,७०० फुटांवर नाश्ता आणि रात्री १४,००० फुटांवर झोप. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, रोहतांगची खिंड चढायची गरज उरली नाही. सोय झाली, नाही कोण म्हणतंय? पण शरीराला विरळ हवेची सवय व्हायच्या आत माणूस वर पोचतो.

रात्री दोनला काकूंना धाप लागली. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सरचू असं बेरकी ठिकाण आहे की खाली जायचं तरी आधी चढावं लागतं. एकीकडे १६,००० फुटांची बारालाचा खिंड, दुसरीकडे गाटा लूप्स या घाटाची २१ वळणं आणि वर नकी ला ही आणखी एक खिंड. आपण मध्ये, बशीत पडल्यासारखे.

हो, सुट्टी आठच दिवस मिळते. पैसे घामाचे असतात. मान्य. म्हणून काय माणूस पणाला लावायचं? सगळा सोस खिंडीतल्या उंचीच्या पाटीपाशी फोटो काढायचा. लेहच्या पुढच्या खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात खिंड साडेसतरा हजारांच्या आसपास. पाटीही आपल्यासारखीच फुशारकी मारणारी!

ड्रायव्हरने कुणाला विचारलंच नाही, गाडी मागे वळवली. ऑक्सिजनची नळी धरून मी काकूंशेजारी. बारालाचा ओलांडली तेव्हा फटफटत होतं. खाली सूरजताल. इतकं निळं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि एकानेही मोबाईल बाहेर काढला नाही.

केलाँगला दवाखान्यात जरा रंग आल्यावर काकूंनी विचारलं, "डबा तंबूत राहिला का गं?"

त्या दहा हातांत एक माझा होता. हे काकूंना अजून बोलून दाखवलेलं नाही. मघाशी ग्रुप उघडला, तर त्या रीलखाली काकूंचाही अंगठा.